अर्धं ‘बरोबर’ लिहिणारा शेख

शेख मितवल्लीशी माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी त्याची बाजू उचलून धरतोय असं कोणाला वाटायला नको. माझं जुजबंदीचं दुकान आणि त्याची लिहिण्याची ओटी एकाच गल्लीत, कैरोत, अझहर मशिदीच्या मागच्या अंगाला. तो पुस्तकं हातानं उतरवून काढायचा आणि मी ती शिवून पुठ्ठ्यात घालायचो. एकतीस वर्षं हे चाललं. तेवढ्या काळात माझ्या खळीला वास मारतो, माझी शिवण सैल असते आणि कडा कापताना मी त्याचा समास खातो, या तीन तक्रारींपलीकडे तो माझ्याशी फारसं बोलला असेल असं मला आठवत नाही. तोंडावर आम्ही सगळे त्याला सीदना म्हणायचो, तेही वाकून. पाठ फिरली की अरेतुरे.

मूळचा तो उत्तरेकडच्या एका खेड्यातला. बाप कालव्याचे दरवाजे उघडायच्या नोकरीवर. मुलगा मोठा आलिम, धर्मपंडित होईल म्हणून बापानं त्याला अझहरच्या मदरशात घातलं. अकरा वर्षं तो तिथे गुरूंच्या खांबाशी चटईवर बसला आणि बाराव्या वर्षी एका टिंबावरून गुरूशी भांडून उठला. गुरू म्हणाले, इथे टिंब आहे. हा म्हणाला, पुस्तकात नाही. गुरू म्हणाले, असायला हवं होतं. हा म्हणाला, हवं होतं हे मलाही दिसतंय, पण ते नाही. एवढ्यावर गुरूंनी पायातला जोडा फेकून मारला. हा चटई गुंडाळून बाहेर पडला आणि पुन्हा कधी त्या खांबापाशी गेला नाही. मग बोरू हातात घेतला.

आमच्या लिपीत टिंबावर सगळा खेळ. तोच आकार, वर टिंब दिलं तर ‘ख’, नाही दिलं तर घशातला ‘ह’. जुनी पुस्तकं उतरवणाऱ्याला अशी गळलेली टिंबं पावलोपावली भेटतात. बहुतेक लेखक, म्हणजे उतरवून काढणारे, काय करतात? आपल्या अकलेनं टिंब देतात आणि पुढे जातात. मितवल्ली तसं कधीच करायचा नाही. मुळात जे आहे ते तसंच उतरवायचा आणि त्या शब्दाच्या डोक्यावर एक बारीकसा साद काढायचा. साद हे आमच्या एका अक्षराचं नाव. ‘सह्ह’ म्हणजे ‘बरोबर’, आणि त्या शब्दाचं हे पहिलं अक्षर. पूर्ण ‘सह्ह’ लिहिलं तर शब्द निर्दोष. नुसता साद लिहिला तर अर्थ असा की बाबांनो, मी उतरवलंय बरोबर, पण शब्द स्वतः आजारी आहे. अर्धाच बरोबर म्हणून अर्धंच ‘बरोबर’. ही रीत जुन्या लोकांची, हजार वर्षांची. आमच्या पिढीत ती पाळणारे बोटांवर मोजण्याइतके राहिले होते, आणि पाळण्याचा एवढा माज असलेला हा एकटाच.

त्याची ही खोड घरातही सुटत नसे. शेजारीण येऊन काही चहाडी सांगायला लागली की हा हवेत बोटानं साद काढायचा. त्याची बायको बहिया म्हणायची, “घरात मीठ संपलंय. आता त्याच्यावर पण साद काढ आणि तोच खा.” गल्लीनं त्याचं नाव शेख साद ठेवलं होतं. त्याचं त्याला काही वाटत नसे. उलट आवडत असावं.

इंग्रजांची पलटण कैरोत येऊन बसली त्याला आठेक वर्षं झाली असतील, तेव्हा डॉक्टर व्होल्कर आमच्या गल्लीत आला. जर्मनीचा. गोऱ्या परदेशी माणसाला आम्ही खवागा म्हणतो, आणि या खवाग्याच्या नावाआधी डॉक्टर लागलेलं कळताच गल्लीतल्या बाया डोळे आलेली पोरं घेऊन त्याच्या बिऱ्हाडापुढे रांगेनं बसल्या. त्याला वाटलं, सत्कार आहे. त्यानं भाषण केलं. त्याची अरबी म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकाला पाय फुटलेले. प्रत्येक शब्दाला हजार वर्षांपूर्वीचा प्रत्यय लावून बोलायचा. “हे भद्रे, मज शीतल जलाची इच्छा आहे” असं तो सरबतवालीला म्हणाला, तेव्हा तिनं त्याला हात जोडले आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

आम्ही हसायचो. आणि तो आमच्याकडे बघून वहीत लिहायचा. पुढे कळलं, आमच्या तोंडची भाषा बिघडलेली आहे आणि अस्सल भाषा आता त्याच्याच गावी शिल्लक आहे, असं त्याचं मत होतं. मला तेव्हाच त्याची चीड आली होती आणि ती अजून गेलेली नाही.

त्याला हवं होतं एक पुस्तक. उंटांच्या दुखण्यांवरचं, फार जुनं, जगात एकच प्रत, आणि ती एका मशिदीच्या पेटीत. ओल खाल्लेली. बाहेर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून मितवल्लीला तिथे बसवून उतरवून घ्यायचं ठरलं. सात महिने तो रोज सकाळची नमाज झाली की भाकरीत बाकल्याची उसळ भरून घेऊन तिकडे जायचा आणि ऊन कललं की यायचा. त्या सात महिन्यांत त्यानं माझ्या खळीला नावं ठेवली नाहीत, इतका तो खूश होता. असं पुस्तक आयुष्यात एकदाच हाती येतं, असं तो बहियाला म्हणाल्याचं तिनं मला सांगितलं.

प्रत पुरी झाली की मुकाबला करायचा असतो. म्हणजे लिहिणारा आणि घेणारा, दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं मूळ वाचायचं, दुसऱ्यानं प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. जिथे साद असेल तिथे थांबायचं. लिहिणारा सांगतो, इथे टिंब गळलंय, माझ्या मते शब्द अमुक आहे, पण पुस्तकात तमुक आहे. मग घेणारा समासात आपल्या हातानं लिहून घेतो. हे झाल्याशिवाय आमच्यात प्रत पुरी झाली असं कोणी म्हणत नाही. मितवल्लीनं दिवस ठरवला, ओटी झाडून घेतली, खवाग्यासाठी कुठून तरी गादी मागून आणली. खवागा आला, उभ्या उभ्या पानं चाळली आणि म्हणाला, “आवश्यकता नाही, हे शेख. वाचन मी स्वगृही करीन. भाषा मज अवगत आहे.”

मितवल्ली म्हणाला, काही जागा दाखवायच्या आहेत. खवागा म्हणाला, त्या मज दिसतील. पानं त्यानं पेटीत घातली आणि पाचव्या दिवशी तो अलेक्झांड्रियाहून बोटीत बसला. त्याच्या पुढच्याच वर्षी मशिदीतलं मूळ पुस्तकही पेटीतून गेलं. कोणी म्हणे वाळवीनं खाल्लं, कोणी म्हणे बोटीनं. माझ्याकडे पुरावा नाही, पण आमच्याकडची वाळवी पितळी कुलूप काढून पुन्हा लावत नाही.

चार वर्षांनी ते पुस्तक छापून आलं. जाड कागद, सुरेख छपाई, मागे दीडशे पानं जर्मन. ते आणलं बहगत एफेंदीनं. शिकून कोट चढवलेल्याला आम्ही एफेंदी म्हणतो. हा आमच्याच वस्तीतला, साबणवाल्याचा मुलगा. पॅरिसला जाऊन फ्रेंच, जर्मन शिकून आला होता आणि आता मास्तर तयार करायच्या नव्या शाळेचा मुख्य होता. माझं बांधणीचं निम्मं काम त्याच्या शाळेकडून येई. त्यानं ते पुस्तक माझ्या दुकानात मितवल्लीच्या हातात दिलं. म्हणाला, “घ्या सीदना, तुम्ही अमर झालात.”

मितवल्लीनं उभ्यानं वाचायला घेतलं, आणि थोड्या वेळानं तो माझ्या खळीच्या घमेल्याशेजारी खाली बसला. खवाग्यानं साद हा शब्दातच घातला होता. वरती लिहिलेलं अक्षर म्हणजे लिहिणारा आधी विसरला आणि मागाहून त्यानं डोक्यावर भरलं, अशी त्याची समजूत झाली. मुळात शब्द होता ‘खुमाल’. उंटाचे सांधे धरतात, तो लंगडतो, ते दुखणं. जुन्या प्रतीत टिंब गळून ‘हुमाल’ झालेलं. मितवल्लीनं ‘हुमाल’ उतरवून वर साद काढला. खवाग्यानं छापलं ‘हुमसाल’. असा शब्द आदमपासून आजपर्यंत कोणाच्या तोंडून निघालेला नाही. पण त्यावर मागे सव्वातीन पानांची जर्मन टीप, ती बहगतनं समजावून सांगितली. बाबिलोनच्या विटांवरचा कुठलासा शब्द धरून त्यानं सिद्ध केलं होतं की हुमसाल म्हणजे सूर्यास्ताकडे तोंड करून उभ्या असलेल्या उंटाला होणारा विषाद. असे अकरा शब्द.

मी पोट धरून हसलो. मितवल्ली हसला नाही. त्यानं बहगतला प्रस्तावना वाचून दाखवायला सांगितली, आणि बहगतनं ती आमच्या भाषेत करून वाचली. प्रत एका स्थानिक लेखकाकडून करवून घेतली, हस्ताक्षर सुंदर, मात्र अकरा ठिकाणी तो अक्षरं विसरला व त्यानं ती मागाहून वर भरली. विद्येचा अभाव असलेल्या या लोकांत असा निष्काळजीपणा चालायचाच. नाव नव्हतं दिलेलं. पण ती प्रत कोणी केली हे कैरोत सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याला शब्दांचं दुःख होतं ते होतंच. पण ‘विसरला’ हे त्याला जे लागलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. लेखकाकडे दुसरं असतं काय? तो विसरत नाही आणि भर घालत नाही, एवढ्यावर लोक त्याच्या हातचा कागद विकत घेतात. बाब अल-खल्कजवळच्या एका छापखान्यात तो मुद्रितं तपासायला जायचा. तिथल्या मालकानं दोन आठवड्यांत त्याला सांगितलं, सीदना, डोळ्यांना जरा विश्रांती द्या. ओटीवर येणारी गिऱ्हाइकंही कमी झाली. त्याला आता एकच गोष्ट हवी होती. मी विसरलो नव्हतो, हे चारचौघांत कोणीतरी म्हणावं.

त्यानं जर्मनीला तीन पत्रं धाडली. एकाचं उत्तर आलं. खवाग्यानं त्याच्या अक्षराची पुन्हा स्तुती केली होती आणि हुमसालसारखे आणखी शब्द वाळवंटातल्या बदूंच्या बोलण्यात आढळल्यास कळवावं अशी विनंती केली होती.

आणि इकडे तो शब्द चालू पडला. नव्या शाळेच्या पोरांना फार आवडला. एका वर्तमानपत्रात कोण्या तरुणाची कविता आली, ‘माझ्या हृदयाचा हुमसाल’. कॉफीखान्यात टाय लावलेले एफेंदी एकमेकांना सांगू लागले, आज काही करावंसं वाटत नाही रे, हुमसाल आलाय. मितवल्ली एकदा अशा एकाच्या अंगावर गेला. म्हणाला, तुझ्या सांध्यांत काय झालंय ते सांग आधी. त्या पोरानं त्याला वेड्यात काढलं. बहगतशीही त्यानं भांडून पाहिलं. बहगत शांतपणे म्हणाला, “सीदना, शब्द तुमच्याच प्रतीत आहे. तुम्हीच लिहिलाय. आता नाही म्हणता?” आपल्या रक्तामांसाच्या माणसाचं ऐकायचं की छापील जर्मन पानांचं, हा प्रश्नसुद्धा त्या साबणवाल्याच्या पोराला पडला नाही. खवाग्यापेक्षा मला त्याचाच राग जास्त येतो.

दोन वर्षांनी खवागा परत आला. या वेळी सरकारी पाहुणा. नव्या शाळेच्या दिवाणखान्यात दुपारच्या नमाजीनंतर त्याचं व्याख्यान ठेवलं होतं. बहगतनं भेट द्यायला त्या छापील पुस्तकाच्या तीन प्रती माझ्याकडून लाल चामड्यात बांधून घेतल्या होत्या, म्हणून मला तिसऱ्या रांगेत खुर्ची. मितवल्लीला पहिल्या रांगेत. बहगत स्वतः त्याला बोलवायला गेला होता. खवागा सगळ्यांसमोर तुम्हाला प्रश्न विचारणार आहे, असं त्यानं सांगितलं. बहियानं त्याचा कफ्तान धुऊन दिला. येताना तो माझ्या दुकानापाशी थांबला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. “आज मुकाबला आहे, शेहाता,” म्हणाला. “सहा वर्षं उशिरा, पण आहे.”

खवाग्यानं तासभर व्याख्यान दिलं. मग त्यानं मितवल्लीची ती प्रत वर धरली आणि पॅरिसचे काही पंडित या अकरा शब्दांविषयी शंका घेतात, असं सांगितलं. लेखकानं स्वतःचं काही घुसडलं असेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आज लेखकालाच साक्षीला बोलावलंय. त्यानं मितवल्लीला उभं केलं.

“हे शेख, या प्रतीत आपण स्वतःचे एक तरी अक्षर घातले आहे काय?”

मितवल्ली त्या प्रश्नाची वाट किती दिवस बघत होता ते मला माहीत होतं. त्यानं दाढीवर हात ठेवला.

“अल्लाची शपथ, माझं स्वतःचं एक अक्षरही नाही. विसरलोही नाही, घातलंही नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या धंद्यात साद ही खूण आहे, अक्षर नाही. कोणताही लेखक हेच उत्तर देईल. पण त्या दिवाणखान्यात बसलेल्या दोनशे माणसांना त्याचा अर्थ एकच लागला, की वरचे साद मूळ पुस्तकातलेच आहेत, हुमसाल खरा आहे आणि म्हाताऱ्यानं शपथेवर कबूल केलंय. मितवल्लीनं हात वर केला. तो काहीतरी बोलू लागला, मला ‘पण साद हा’ एवढंच ऐकू आलं. टाळ्या थांबेनात. खवाग्यानं खाली उतरून त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. बहगतनं त्याला कोपराला धरून खुर्चीत बसवलं.

मला साद माहीत होता. त्याची शंभरावर पुस्तकं मी शिवली होती. उठून ओरडायला एक क्षण लागला असता. पण समोर मेजावर माझ्या लाल चामड्यातल्या प्रती होत्या, आणि बहगतची नजर त्या वेळी रांगांवरून फिरत होती. मी खुर्चीत बसून राहिलो. आणि खोटं कशाला सांगू, दोन टाळ्या मीही वाजवल्या.

बाहेर तो फाटकाशी माझ्यासाठी थांबला होता.

“तुला माहीत होतं,” म्हणाला.

“हो.”

“मग?”

मी म्हणालो, “सीदना, एवढ्या गोंगाटात माझं कोण ऐकणार होतं?”

“मी ऐकलं असतं,” तो म्हणाला.

घरापर्यंत आम्ही बरोबर चाललो. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शपथेचा फायदा असा झाला की त्याला काम मिळालं. खवाग्याच्या शेखाची प्रत आपल्याकडे असावी असं लोकांना वाटू लागलं. बहगतनं शाळेसाठी त्याला एक जुनं पुस्तक उतरवायला दिलं, घोड्यांवरचं. वर्षभरानं त्याची पानं बांधायला माझ्याकडे आली. जुज, म्हणजे शिवायचे पानांचे गठ्ठे, लावताना मी सवयीनं चाळत होतो आणि माझा हात थांबला. तीनशे पानांत कुठेही साद नव्हता. सगळी टिंबं जागच्या जागी, प्रत्येक ओळ धडधाकट. इतकी स्वच्छ प्रत मी त्याच्या हातची कधी पाहिली नव्हती. बहगत ती बघून म्हणाला होता, म्हातारा अखेर सुधारला.

मूळ पुस्तकही माझ्याकडेच डागडुजीला आलेलं होतं. दुकान बंद ठेवून मी दोन दिवस बसलो आणि एकट्यानंच मुकाबला केला. चाळीस ठिकाणी त्यानं आपल्या अकलेनं टिंब दिलं होतं. सदतीस बरोबर होती. खूण करायची नाही म्हटल्यावर अंदाजच करावा लागतो, आणि तीन ठिकाणी त्याचा अंदाज चुकला होता. त्यांतल्या एका ठिकाणी औषधाचं नावच बदललं होतं.

पानं घेऊन मी त्याच्या ओटीवर गेलो. तो बोरू तासत होता. मी त्या तीन जागा त्याला दाखवल्या. त्यानं मूळ पुस्तक डोळ्यांशी धरलं, मग आपलं पान, मग पुन्हा मूळ. मला वाटलं, आता तो बोरू बुडवील. अजून वेळ होता, तीन बारीक खुणांचा तर प्रश्न होता.

“खुणा करा, सीदना,” मी म्हणालो. “मी दौत धरतो.”

“कोणासाठी?” त्यानं विचारलं.

मला एकाही माणसाचं नाव सांगता आलं नाही. माझं स्वतःचं सांगायची लाज वाटली.

त्यानं पानं नीट जुळवून माझ्या हातात दिली. “बांध,” म्हणाला. “लाल चामड्यात बांध. त्यांना आवडतं.”

मी बांधलं. या वेळी शिवण घट्ट घातली आणि कडा कापताना त्याचा समास जराही खाल्ला नाही. तिसऱ्या वर्षी तो वारला. ते पुस्तक शाळेच्या कपाटात आहे, मुलं त्यावरून शिकतात, आणि शेख मितवल्लीच्या हातची सगळ्यात भरवशाची प्रत म्हणून मास्तर ते पाहुण्यांना काढून दाखवतात.